बाण नसलेला चौकोन

आधीच सांगून टाकते, आत्याचं काम घालवलं ते मी. ब्लेझरनं नाही, सरांनी नाही, लाँड्रीच्या मॅनेजरनंही नाही. त्या तिघांवर माझा राग आहे आणि तो जाणारही नाही. पण सुरुवात माझ्या हातानं झाली, आणि हे मला स्वतःला कबूल करायलासुद्धा दोन महिने लागले.

मी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय माहिती प्रणाली. हे नाव ऐकलं की लोक एक क्षण माझ्याकडे बघत राहतात आणि मग घरातला बंद पडलेला प्रिंटर आणून देतात. खोटं वाटेल, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी दोनदा आणून दिलाय. आई गावाहून फोन करून विचारते, टीव्हीचा रिमोट चालत नाही, तुमच्यात काय करतात याला? काही करत नाही, आई. एखाद्या धंद्यात कुठली माहिती कुठून निघते, कुणाच्या हातून जाते, कुठे पोचते, ते आम्ही कागदावर काढतो आणि त्यावरून संगणकावरची व्यवस्था आखतो. प्रत्येक काम म्हणजे एक चौकोन आणि माहिती म्हणजे बाण. चौकोनात बाण शिरतो, चौकोनातून बाण बाहेर पडतो. तीन वर्षं हेच चाललंय.

आमच्या सरांचा एक लाडका नियम होता. ज्या चौकोनात बाण शिरतो पण ज्यातून एकही बाण बाहेर पडत नाही, तो चौकोन चूक. त्याला ते ब्लॅक होल म्हणायचे. असा चौकोन दिसला की लाल पेनानं त्याला गोल करून गुण कापायचे, आणि वही सगळ्या वर्गाला दाखवून विचारायचे, माहिती गेली कुठे, गिळली का? वर्ग खिदळायचा. मीही खिदळायचे, बावळटासारखी.

शेवटच्या सत्रात चौघांच्या गटानं एका खऱ्या जागेचा अभ्यास करायचा होता. गट सरांनीच पाडले. माझ्या वाट्याला आला ब्लेझर, जो भर उन्हाळ्यातही ब्लेझर घालून यायचा, आणि आणखी दोघं, ज्यांचं काम फक्त पहिल्या पानावर नाव असणं एवढंच होतं. ब्लेझरला बोलता यायचं. बोलायला काही आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. जागा कुठली घ्यायची यावर आठवडाभर नुसत्या गप्पा झाल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, माझी आत्या जिथे काम करते ती लाँड्री घेऊ. तिघांनी सुटकेचा निःश्वास सोडला. का नाही सोडणार, काम आता माझ्या अंगावर पडलं होतं.

मी शिकायला आत्याकडेच राहते. दोन खोल्या आहेत, खाली शिंपीकाकांचं मशीन दिवसभर चालू असतं. यजमान गेल्यानंतर आत्या कामाला लागली त्याला बावीस वर्षं झाली, आणि बावीसही वर्षं एकाच टेबलाशी उभी. लाँड्री रुग्णालयाच्या कपड्यांची. चादरी, अभ्रे, रुग्णांचे अंगरखे, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं. व्हॅन गाठोडी घेऊन येते, त्यांचं वजन होतं, मग ती पत्र्याच्या एका लांब टेबलावर पडतात. टेबलाशी आत्या. हातात मोज्यांवर मोजे, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गाठोडं सोडायचं, एकेक कापड पसरायचं, तळहात कडेकडेनं फिरवायचा, कोपरे चाचपायचे, खिसे उलटे करायचे. मग ते पुढे मशीनकडे.

मी आठ दिवस तिच्या शेजारी वही घेऊन उभी राहिले. ब्लेझर एकदाच आला, नाकाला रुमाल लावून दारातूनच फोटो काढले आणि गेला. त्या आठ दिवसांत आत्यानं चादरींमधून तीन सुया काढल्या, एक कैची, एक थर्मामीटर आणि कुणाची तरी खालची कवळी. प्रत्येक वस्तू जुन्या लिफाफ्यात घालायची, वर गाठोड्यावरचा वॉर्डचा आकडा घालायचा आणि लिफाफा व्हॅनच्या ड्रायव्हरकाकांच्या हातात द्यायचा. ते तो लिफाफा तिथल्या सिस्टरला नेऊन देत. विषय संपला. वही नाही, नोंद नाही, सही नाही.

मी घरी तिला विचारलं की तू हे लिहून का ठेवत नाहीस. ती पायाला तेल चोळत बसली होती. म्हणाली, "लिहिलं की कुणाचं तरी नाव लागतं. नाव लागलं की चौकशी लागते. वस्तू ज्याची त्याला मिळाली ना, बास झालं." मग तिनं मला एका चष्मेवाल्या सिस्टरबद्दल सांगितलं. नऊ नंबरचा वॉर्ड, चौतीस खाटा आणि ही एकटी. पळता पळता हातातली कैची चादरीत टाकते आणि पुढच्या खाटेकडे जाते. वर्षभरात दोनदा कैची आली आणि सुया तर किती. पहिल्यांदा लिफाफा मिळाला तेव्हा ती स्वतः लाँड्रीच्या दारापर्यंत आली होती आणि आत्याचा हात धरून नुसती उभी राहिली होती. हे कुणाजवळ बोलू नकोस, आत्या म्हणाली. मी म्हटलं, मी कशाला बोलतेय.

आता माझ्या कर्तबगारीकडे येते.

आकृती सकाळी अकरा वाजता सरांच्या टेबलावर ठेवायची होती. साडेदहाला मी ग्रंथालयात बसून शेवटची तपासणी करत होते आणि तिसऱ्या चौकोनाशी अडले. गाठोडं तपासणे. आत शिरणारा बाण होता, व्हॅनची पावती. बाहेर पडणारा बाण नव्हता. लिफाफ्याचा बाण काढता आला असता, मला सुचलंही होतं. पण मग सर विचारणार, त्याची नोंद कुठे? नोंद नव्हतीच. वर्गासमोर लाल गोल, माहिती गिळली का, आणि सगळे खिदळणार. मी तो चौकोन खोडला. व्हॅनची पावती सरळ मशीनच्या चौकोनाला जोडून दिली. आकृती एकदम स्वच्छ दिसायला लागली आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सादरीकरणाला सरांनी लाँड्रीच्या मॅनेजरलाही बोलावलं होतं. ही त्यांची पद्धत, त्यानं कॉलेजचं नाव होतं म्हणे. मॅनेजर पहिल्या रांगेत बसला, आकृतीकडे बघत राहिला आणि त्यानं विचारलं की टेबलावरची तपासणी यात दिसत नाही ती कशी. ब्लेझरनं आकृती त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली असेल. पण तो अडखळला नाही. म्हणाला, "त्या कामातून कुठलीच माहिती तयार होत नाही, सर. आमच्या अभ्यासाप्रमाणे ती पायरी गाळता येते." मॅनेजरनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी दोन फुटांवर उभी होते, हातात पुढच्या स्लाइडचं बटण. तोंड उघडायला एक क्षण होता. मी बटण दाबलं.

आम्हाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

तीन आठवड्यांनी आत्या भरदुपारी घरी आली. रबरी बूट पिशवीत घालून आणले होते. टेबल काढलं म्हणाली, गाठोडी आता थेट मशीनवर जातात आणि मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय. कुणीतरी अभ्यास केलाय म्हणे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुझ्या त्या कोटवाल्याचं काम असणार, तुझं ऐकलं नसेल त्यानं. मी म्हटलं, नाही ऐकलं. इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच आश्चर्य वाटलं. संध्याकाळपर्यंत आत्यानं शिंपीकाकांपासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमच्या पोरीनं परोपरीनं समजावलं हो, पण त्या पोरांनी दाद दिली नाही. मला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं.

त्यानंतर मी जी पेटले ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ब्लेझरला गाठलं आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याची पूजा बांधली. ज्या जागेत दोन मिनिटं उभं राहवलं नाही तिथलं कुठलं काम गाळायचं ते तू ठरवणार, कोण लागून गेलास तू? तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, आकृतीत तो चौकोनच नव्हता, आकृती तू काढलीस, मला वाटलं गरज नसेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तो खरं बोलत होता.

मग सर. सरांना मी सांगितलं की तुमचा नियम चुकीचा आहे, त्या नियमानं एका बाईचं काम गेलंय. सर बिलकूल रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे सरकवून बसा म्हणाले. आमचा अभ्यास प्रत्यक्षात राबवला गेला याचा त्यांना इतका आनंद झाला होता की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला तो पाठवायचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. मी पुन्हा नियमावर आले तेव्हा म्हणाले, "नियम आकृतीचा आहे. एखादं काम ठेवायचं की काढायचं, हे नियम सांगत नाही. ते काम करणाऱ्याला विचारून ठरवायचं असतं. तुम्ही विचारलं होतं ना?" विचारलं होतं. माझ्या वहीत अख्खी दोन पानं होती. मी खुर्चीवरून उठले आणि दार आपटून बाहेर पडले. दाराचा काही दोष नव्हता.

राहिला मॅनेजर. त्याची काचेची केबिन मशीनांच्या वर, लोखंडी जिना चढून. त्याच आठवड्यात मशीनवरच्या एका बाईच्या बोटात सुई घुसली होती, त्यामुळे तोही जरा चुळबुळत होता. मी म्हटलं, आत्या होती तोवर अशी सुई मशीनपर्यंत कधी आली होती का? तो म्हणाला, आली नसेल, पण त्या बाई काही शोधत होत्या याला पुरावा काय? एकदा झालंय, योगायोग असेल. मी सांगितलं की आठवड्याला चार-पाच वस्तू निघायच्या. कुठे लिहिलंय? लिहिलं नाही, पण परत पाठवायची. कुणाला?

तो पेन उघडून बसला होता. मला तेव्हा काय वाटलं तेही सांगते, लपवून काय करू. मी स्वतःलाच हुशार वाटले. माहिती आहे, फक्त ती दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण मला ठाऊक आहे. मी म्हटलं, नऊ नंबरच्या वॉर्डच्या चष्मेवाल्या सिस्टरना विचारा, त्यांच्या दोन कैच्या आत्यानं परत पाठवल्यात. त्यानं ते लिहून घेतलं, तारखा विचारल्या, मी अंदाजे महिने सांगितले. जिना उतरताना मी जवळजवळ उड्या मारत होते.

दहा दिवसांत टेबल परत आलं. मॅनेजरनं आत्याला स्वतः फोन केला. आत्यानं बूट पिशवीत घातले, केस विंचरले, मला म्हणाली, बघ, आहे अजून माणसांत थोडी अक्कल. मीही मान डोलावली. मनात म्हटलं, मिटलं एकदाचं, आता तो चौकोन कुणी खोडला हे कुणाला कळायचं कारण नाही.

तासाभरात ती परत आली. बूट पिशवीतच होते.

टेबलावर संगणकाचा पडदा बसवलाय, ती म्हणाली. वस्तू सापडली की त्यावर बोटानं भरायचं. काय सापडलं, कुठल्या वॉर्डचं, आणि त्या वॉर्डात कामावर कोण होतं त्याचं नाव. नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तिनं मॅनेजरला सांगितलं की पहिली दोन भरते, नाव भरणार नाही. तो म्हणाला, मग जमायचं नाही. ती म्हणाली, मग माझंही जमायचं नाही. बाहेर आली तर दाराशी ड्रायव्हरकाका उभे. त्यांनी तिला सांगितलं की नऊ नंबरच्या सिस्टरला कामावरून थांबवलंय, चौकशी चालू आहे, लाँड्रीकडून तारखांसकट पत्र गेलं. आणि लाँड्रीला कुठून कळलं, तेही सांगितलं. तुमच्याच भाचीकडून.

मला ती ओरडेल असं वाटत होतं. ओरडली असती तर मीही ओरडले असते, मला तेवढंच येतं. तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "चप्पल घाल."

सिस्टरचं घर बसनं पाऊण तासावर होतं. वाटेत आत्या खिडकीबाहेर बघत होती. मी एकदा म्हटलं, मी तुझ्यासाठीच केलं गं. ती म्हणाली, ठाऊक आहे मला, म्हणून तर तिथे येऊन सांगायचंय. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार सिस्टरनंच उघडलं. चष्मा कपाळावर ढकललेला, हातात ओलं फडकं, डोळ्यांखाली काळं. आत्याला बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग तिला मी दिसले.

आत्या उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "ही माझी भाची. तुमचं नाव हिनं दिलं. माझ्यासाठी दिलं, पण दिलं. सांगितलं होतं मीच हिला, म्हणून चूक माझीही आहे."

सिस्टर रडली नाही, आवाजही चढवला नाही. चौदा वर्षं नोकरी झाली म्हणाली. चौतीस खाटांना दोन जणी द्या म्हणून तिनं सहा अर्ज केले होते, त्यातला एकही चौकशीच्या कागदांत नाही, कैच्या मात्र दोन्ही आहेत. मग तिनं मला विचारलं की तू एकदा तरी वॉर्डात येऊन बघितलंस का. मी नाही म्हटलं. नुसतं नाव दिलंस. मी हो म्हटलं.

तेव्हा आत्या मध्ये पडली. माझ्या पाठीवर हात ठेवून सिस्टरला म्हणाली, पोर लहान आहे, मनानं वाईट नाही. हिच्या गटातल्या त्या पोरांनी माझं काम कागदावरून उडवून टाकलं, तेव्हापासून ही बिचारी एकटी सगळ्यांशी भांडतेय, जेवणखाण सोडून. त्या भरात बोलून गेली.

तो हात माझ्या पाठीवर होता. इतके दिवस मी ज्याला त्याला फाडून खात होते, आणि ती ज्याला त्याला माझ्याबद्दल हेच सांगत फिरत होती. सिस्टरच्या तोंडावरचा राग जरा निवळायलाही लागला होता. अजून गप्प बसले असते तर तिनं मला पाणी विचारलं असतं.

"पोरांनी नाही उडवलं," मी म्हटलं. "मी उडवलं. चौकोन मी खोडला."

आत्याला कळलं नाही. ती म्हणाली, काय खोडला?

"तुझं काम. त्यातून बाण निघत नव्हता. तसा ठेवला असता तर सरांनी गुण कापले असते. ब्लेझरनं आकृती बघितलीसुद्धा नव्हती. मॅनेजरनं विचारलं तेव्हा मी तिथेच उभी होते आणि बोलले नाही. तू विचारलंस तेव्हाही खोटं बोलले."

 आत्यानं पाठीवरचा हात काढला नव्हता. तिनं विचारलं, "किती कापले असते?"

"पाच."

"शंभरातले?"

मी मान हलवली. तिनं हात काढून घेतला. बघितलं माझ्याकडे, राग होता की काय होतं मला सांगता येणार नाही, मला फक्त एवढं दिसलं की तिनं दाराची चौकट धरली. बावीस वर्षं ती उभ्यानं काम करत होती, मी तिला कधी कशाला धरून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. सिस्टरनं फडकं खाली टाकलं, तिच्या दंडाला धरलं, या, आधी बसा, म्हणाली, आणि तिला आत घेतलं. मी पाय उचलला तेवढ्यात सिस्टरनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पाय परत खाली ठेवला. तिनं दार लावून घेतलं.